झाडाचं वय, माणसाचा हात

शहराला वेढा पडला आहे. आत शत्रू, बाहेर आपलं सैन्य आणि मधे फळांनी लगडलेल्या बागा. तटाला भिडायचं तर लाकूड लागणार. अशा वेळीही फळझाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा नियम तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मशास्त्राच्या, पाचव्या ग्रंथात, ‘अनुवादा’च्या विसाव्या अध्यायात आहे. फळ न देणारी झाडं तोडायला मुभा आहे. ज्यू परंपरेतल्या झाडांविषयी लिहायला बसलं की मला आधी ही रणभूमी आठवते. शांततेच्या दिवसांत झाडाची माया कुणालाही येते. डोक्यात राग असताना हात आवरणं ही खरी साधना.

या एका नियमातून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, नासाडी न करण्याचं व्यापक तत्त्व काढलं: ‘बाल तश्खित’. बाराव्या शतकात धर्मपंडित मायमोनिडीसनी त्यात भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरे बुजवणं, अन्न वाया घालवणं हेही धरलं. झाडापासून निघालेला संयम असा स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

झाडाची पूजा या धर्माला मान्य नाही. वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या मनाला हे कोरडं वाटेल. पण तिथला आदर नियमांत मुरला आहे. नवं झाड लावलं की पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. चौथ्या वर्षीचं देवाचं, पाचव्या वर्षीचं आपलं. झाड आपण लावलं, पाणी आपण घातलं, तरी ते लगेच आपलं होत नाही. दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा. त्या वर्षी आपोआप उगवेल त्यावर मालकाइतकाच गरिबाचा आणि जनावराचा हक्क.

झाडाची वर्षं मोजायची तर वर्षारंभ ठरायला हवा. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात चार नववर्षं सांगितली आहेत, त्यांतलं एक झाडांचं. शम्माय या पंडिताच्या अनुयायांनी त्यासाठी ज्यू पंचांगातल्या शवात महिन्याचा पहिला दिवस धरला, हिल्लेलच्या अनुयायांनी पंधरावा. पंधरावाच रूढ झाला. हाच ‘तू बिश्वात’. मुळात हा फळांच्या दशांशाच्या हिशेबाचा दिवस. त्याला भक्तीचा रंग चढवला तो कब्बाला या गूढवादी परंपरेच्या साधकांनी. 1753 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘प्री एत्स हादार’ या पुस्तिकेत या दिवशी फळं खाण्याचा सविस्तर विधी आहे. त्यात फळांचे थर लावले आहेत: बदामासारखी कवच असलेली, खजुरासारखी पोटात बी असलेली आणि अंजिरासारखी सगळीच्या सगळी खाता येणारी. कवच नेमकं कुठे आहे, हे माणसाने स्वतःतही शोधावं, असा मला त्याचा अर्थ लागतो.

ताल्मुद या ग्रंथातली होनी नावाच्या पंडिताची गोष्ट तर झाडं लावण्याच्या कार्यक्रमांत हमखास सांगितली जाते. सत्तर वर्षांनी फळणारं कॅरोबचं झाड एक माणूस लावत होता. माझ्या वाडवडिलांनी माझ्यासाठी लावलं, मी पुढच्यांसाठी लावतो, असं त्याने होनीला सांगितलं. गोष्ट बहुधा इथेच थांबवतात. पण ती पुढे आहे. होनी तिथेच झोपला आणि सत्तर वर्षांनी उठला. त्या माणसाचा नातू शेंगा गोळा करत होता. होनी घरी गेला. मुलगा केव्हाच वारला होता. विद्यालयात गेला, तिथले पंडित त्याच्याच विद्वत्तेची आठवण काढत होते, पण हाच होनी यावर कुणी विश्वास ठेवला नाही. त्याने मरण मागितलं आणि त्याला ते मिळालं. झाडाचं आयुष्य झाडाला शोभतं. माणसाला आपल्या पिढीची माणसं लागतात. या उत्तरार्धाशिवाय ती गोष्ट मला अर्धीच वाटते.

मरण मागितलेला आणखी एक जण म्हणजे संदेष्टा एलिया. जीव वाचवत वाळवंटात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि आता पुरे म्हणाला. देवदूताने त्याला उठवून भाकरी आणि पाणी दिलं.

हाच एलिया आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा ‘एलियाहू हन्नाबी’. तो स्वर्गात गेला तो अलिबागजवळच्या खंडाळ्याहून, अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. तू बिश्वातला तिथे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा. केळ्यावर मात्र जमिनीच्या पिकाचा, कारण घड उतरला की केळीचं खोड मरतं आणि कंदातून नवा कोंब वर येतो.