घरासाठी पत्र्याचे छप्पर : निवड आणि बांधणी

दि. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा हजारो घरांवरील कौले व पत्रे उडाले. पुढील वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळाने किनारपट्टीस पुन्हा तडाखा दिला. छप्पर गेले की धान्य, कपडालत्ता, मुलांची पुस्तके सारेच पावसाच्या स्वाधीन होते. म्हणूनच पत्रा निवडताना केवळ भाव पाहून चालत नाही. त्याचा प्रकार, जाडी आणि बांधणी या तिन्हींचा विचार आवश्यक ठरतो.

पत्र्याचे प्रकार

सर्वांच्या परिचयाचा तो जस्ती पत्रा. यात पोलादावर जस्ताचा थर चढविलेला असतो. ओरखडा पडून पोलाद उघडे पडले, तरी आधी जस्त झिजते व पोलाद वाचते. साहजिकच पत्र्याचे आयुष्य या थरावर अवलंबून असते. दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, किती ग्रॅम जस्त आहे यावरून त्याचे मोजमाप होते. १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे ८ मायक्रॉन, तर २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात. फरक काही पावसाळ्यांनंतर दिसतो.

दुसऱ्या प्रकारात ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३ टक्के जस्त व अल्प सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा थर असतो. हा धातू हलका असल्याने १५० ग्रॅममध्येच प्रत्येक बाजूस सुमारे २० मायक्रॉन थर मिळतो. सर्वसाधारणपणे हा पत्रा जस्ती पत्र्याहून अधिक टिकतो. मात्र गुरांच्या गोठ्यातील अमोनिया आणि ओल्या सिमेंटचा स्पर्श त्यास मानवत नाही. रंगीत पत्रा घेताना रंगाखाली कोणता थर आहे, हे अवश्य विचारावे. फिकट रंगाचा पत्रा ऊन परतवून लावतो, म्हणून घर कमी तापते.

तिसरा प्रकार ॲल्युमिनियमचा. त्यास तांबडा गंज चढत नाही आणि वजन पोलादाच्या साधारण एकतृतीयांश असते. परंतु तो मऊ असतो व उन्हाने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो.

जाडीचा हिशेब

बाजारात जाडी 'गेज'मध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. या उलट्या हिशेबात ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते. तेव्हा पावतीवर जाडी मिलिमीटरमध्ये आणि थर ग्रॅममध्ये लिहून घ्यावा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरते. यावरून काट्यावर पडताळणी करता येते.

बांधणीतील दक्षता

वारा छपरावरून वाहताना पत्र्यास वर खेचतो. ही ओढ कडा, कोपरे व आढ्याजवळ सर्वाधिक असते. तेथे स्क्रू वा हूक अधिक जवळजवळ बसवावेत. पन्हळी पत्र्यात ते उंचवट्यावर, वॉशरसह घालावेत. खोलगट भागात घातल्यास पाणी झिरपते. पत्रा वाशांना घट्ट, पण वासे भिंतीस सैल, असे झाल्यास सारे छप्परच उचलले जाते. पत्र्यांचे जोड वाऱ्याकडे तोंड करून नसावेत. कोकणात पावसाळी वारा नैऋत्येचा, हे ध्यानी ठेवावे. पत्रे ओले असताना एकावर एक रचून ठेवल्यास जस्तावर पांढरा गंज धरतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी घरकुले, शाळाखोल्या व अंगणवाड्या यांच्या कामात पत्र्याची जाडी, थराचे वजन व वाशांची पकड या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी स्वतः तपासाव्यात. शिक्षकांनीही पालकांना ही माहिती द्यावी. खरेदीच्या दिवशी घेतलेली एवढी काळजी वादळाच्या रात्री घर सावरील.