पोट फुगलंय? दरवेळी गॅसच असतो असं नाही

विषय बायकांचा आहे, पण होडीवाल्यांनीही वाचा.

'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेत आपल्या बऱ्याच जणींनी तपासून घेतलं. चांगलं केलं. पण ती तपासणी स्तनांच्या कॅन्सरची. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची. अंडाशयाचा कॅन्सर शोधायला या दोन्ही नाहीत, तेव्हा "माझं सगळं तपासून झालंय" असं धरून बसू नका.

मग अंडाशयाची तपासणी कुठली? काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी खात्रीची अशी नाहीच. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. त्यात काही जणींची दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली. २०२१ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. सीए-१२५ तर पाळीत किंवा फायब्रॉइडमुळेही वाढतं. उगाच पॅकेजमध्ये पैसे घालू नका.

लक्ष ठेवायचं ते त्रासावर. पोट फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं. हे नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होतंय, तर डॉक्टरला दाखवा. पन्नाशीनंतर तर नक्कीच. आपल्या मासळी विकणाऱ्या बायका सोडा पिऊन दिवस ढकलतात! जूनच्या मासेमारी बंदीची वाट बघू नका. पेडणे, डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात किती दिवस त्रास आहे ते सांगा, सोनोग्राफीचं विचारा. पुढे म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल, बांबोळीचं गोमेकॉ आहेच.

आई, बहीण, मावशीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो, म्हणून आत्यालाही धरायचं.