भरपगारी रजा आणि 240 दिवसांची अट

भारतातील औद्योगिक कामगाराच्या वाट्याला भरपगारी रजा अल्प येते. याचे कारण केवळ मालकवर्गाच्या अनुदारतेत शोधणे पुरेसे नाही. रजा कशी मोजली जाते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 79 नुसार एका वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास पुढील वर्षी दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळत असे. 240 दिवस भरल्यास 12 दिवस. वर्षभर सेवेत असूनही 239 दिवसच भरल्यास काहीच नाही. विश्रांती हा हक्क न राहता हजेरीचे बक्षीस ठरला.

कायम कामगारास ही अट फारशी जाचक नव्हती. कंत्राटी व हंगामी कामगारांचे मात्र दिवस भरतच नसत. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्येही वर्षभराच्या अखंड सेवेसाठी 240 हाच आकडा होता आणि कामगारकपातीची भरपाई त्यावर अवलंबून असे. साहजिकच तो आकडा गाठण्यापूर्वी सेवा खंडित करण्यात मालकाचा दुहेरी लाभ होता. सेवा संपल्यावर शिल्लक रजेचे वेतन देण्याची तरतूद होती खरी; परंतु त्यातून रक्कम मिळे, विश्रांती नव्हे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. तिने 240 ची अट 180 वर आणली. वीस दिवसांमागे एक हे प्रमाण मात्र 1948 चेच राहिले. त्यामुळे 180 दिवस भरणाऱ्यास नऊ दिवसांची रजा मिळते, आणि दर पाच महिन्यांनी ज्याची सेवा खंडित होते तो कामगार याही उंबरठ्याबाहेरच राहतो.