झोप झाली तरी थकवा जात नाही? काळजीने येणारा शीण असा कमी करा

रविवारी दुपारी दोन तास झोप काढली, रात्रीही वेळेवर पाठ टेकली, तरी सोमवारी सकाळी अंग जडच. ताप नाही, फार कष्टही झालेले नाहीत. डोक्यात मात्र गृहकर्जाचा हप्ता, ऑफिसमधली नोकरकपातीची कुजबुज आणि बाबांचे रिपोर्ट फिरत आहेत. हा आळस नव्हे. काळजीमुळेही माणूस थकतो आणि नुसतं पडून राहून हा थकवा जात नाही.

काळजीने शरीर का थकतं?

संकट समोर असो वा फक्त मनात, शरीर तयारीला लागतंच. अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, मान, खांदे, जबडा आवळला जातो. धोका टळला की हे सगळं पूर्ववत व्हायला हवं. काळजीत मात्र 'टळलं एकदाचं' असा क्षणच येत नाही. मागे अ‍ॅप्स सुरू राहिली की खिशातल्या फोनचीही बॅटरी उतरते, तसंच हे.

मग काय कराल?

१. काळजीची वेळ ठरवा : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ३० मिनिटं फक्त काळजी करायची. एरवी विचार आला की 'संध्याकाळी बघू' म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. ही वेळ झोपेच्या तोंडावर नको.

२. उद्याची कामं लिहून काढा : बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, तर इतरांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं आधी झोपले. 'कर्जाचं बघणे' असं मोघम नको. 'सकाळी ११ वाजता बँकेत फोन' असं नेमकं लिहा.

३. स्नायू सैल सोडा : मुठी ५ सेकंद घट्ट आवळा, मग सोडून द्या. तसंच खांदे, पोटऱ्या, पावलं. खुर्चीत बसूनही जमतं. शक्य असेल तर २० मिनिटं चालून या.

४. चहा-कॉफीची वेळ बघा : कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. थकवा घालवायला सहा वाजता घेतलेली कॉफी रात्रीची झोप बिघडवते आणि सकाळी पुन्हा थकवा. दुपारची डुलकीही २० मिनिटांत आटोपा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

प्रत्येक थकव्याचं खापर काळजीवर फोडू नका. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह यांतही असाच थकवा येतो. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवून गरजेच्या तपासण्या करून घ्या. कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनवर (१४४१६) दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं.

या उपायांनी हप्ता कमी होणार नाही, हे खरं. पण सकाळी अकराला बँकेत फोन करण्याइतकी ताकद अंगात राहील. सुरुवात तिथूनच होते.