हात साफ आहे, पण…

‘संध्याकाळी सातला गाडीतळावरून जो गाडी काढतो, तो जगात कुठंही गाडी चालवतो,’ असं आम्ही पुण्यातले हडपसरकर मोठ्या अभिमानानं सांगतो. सोलापूर रस्ता सरळ जातो, सासवड रस्ता उजवीकडे फुटतो, मधे पीएमपीच्या बसेस, रिक्षा, टेम्पो आणि मगरपट्ट्यातून सुटलेल्या गाड्या. यातून सुळकन निघून जाणाऱ्याचं कौतुक एकाच वाक्यात होतं: ‘हात साफ आहे गड्याचा!’ खरी गोची या वाक्यातच आहे.

हात कितीही साफ असो, समोर काही आलेलं दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. ताशी 40 च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते, 60 ला जवळजवळ 17. त्यापुढे ब्रेक लागल्यावरचं अंतर. ते वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे वेग दीडपट केला की सव्वादोनपट. देशात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातले 70 टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. आणि वाचतं काय? आठ किलोमीटर रस्ता संपूर्ण मोकळा मिळाला, तर 40 ऐवजी 60 नं गेल्यावर चार मिनिटं. असा मोकळा रस्ता हडपसरात कुणी पाहिला असेल तर कळवावं. नाहीतर फातिमानगरच्या सिग्नलला ओव्हरटेक केलेला आणि झालेला, दोघंही शेजारी उभे असतात.

‘अंतर ठेवून काय उपयोग? लगेच कुणीतरी घुसतो.’ हे खोटं नाही. घुसतोच. पण घुसला म्हणून आपलं किती गेलं? एका गाडीमागे दोन-तीन सेकंद. दहा जण घुसले तरी अर्ध्या मिनिटाचा तोटा. उलट अंतर न ठेवण्याचा तोटा सगळ्या रांगेला होतो. जपानमधल्या संशोधकांनी 230 मीटर घेराच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या एकाच वेगानं फिरवून पाहिल्या. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली! कुणीतरी किंचित हळू झाला, मागच्यानं त्याहून जोरात ब्रेक दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी जोरात, आणि शेवटी कुणीतरी जागीच थांबला. पुढच्याला चिकटून चालणारा प्रत्येक जण हा धक्का मोठा करून मागे पाठवतो. ज्याच्यापुढे मोकळी जागा आहे, तो नुसता वेग कमी करून धक्का तिथंच जिरवतो. पुलावरून उतरताना विनाकारण ताटकळलो, असं वाटतं, तेव्हा ‘कारण’ बऱ्याचदा अर्धा किलोमीटर पुढे कुणीतरी मारलेला कट असतो.

हॉर्नबद्दलही असंच. हॉर्न धोका कळवण्यासाठी असतो, जागा मागण्यासाठी नाही. विनाकारण वाजवला तर दंडही आहे. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रानं 2015 मध्ये बंद केलं, ते याच कारणानं. याच गाडीतळावर आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे वळते. तिथं पुढं सरकायचं असेल तर वारकरी ‘माउली, माउली’ म्हणतो आणि वाट होते. त्याच जागी दुसऱ्या आठवड्यात आपण एकमेकांना काय काय म्हणतो, ते छापता येणार नाही.

‘थोडंसंच तर राँग साइडनं जायचंय, यू-टर्न फार लांब आहे.’ अंतर थोडं असतं, धोका थोडा नसतो. दोन्ही गाड्या 30 नं आल्या तरी त्या एकमेकींकडे 60 च्या वेगानं झेपावतात. शिवाय दुकानातून रस्त्यावर उतरणारा माणूस उजवीकडे बघून पाऊल टाकतो. आपण डावीकडून येतो. कायद्याच्या लेखी हे धोकादायक ड्रायव्हिंग आहे, निव्वळ शंभर-दोनशेची पावती नव्हे.

काही किरकोळ समज चालता चालता. पिवळा दिवा म्हणजे ‘पळ’ नव्हे, ‘थांब’. सुरक्षित थांबणं शक्यच नसेल तेवढी सूट. चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावू नयेत. शेजारच्याला त्यातला एकच दिसतो आणि तो समजतो, आपण वळतोय. हेल्मेटला पुण्यात 2019 च्या जानेवारीत केवढा विरोध झाला! मानदुखीपासून केस गळण्यापर्यंत सगळी कारणं निघाली. ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, हे मात्र अजून अनेकांच्या कानी नाही.

अपघातग्रस्ताला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती जुनी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

राहिलं झेब्रा क्रॉसिंग. ‘थांबलो तर मागचा ठोकेल.’ त्यासाठी आधीपासून हळू व्हावं, ब्रेकचा दिवा एक-दोनदा लुकलुकू द्यावा. मागच्याला तेवढं पुरतं. पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे. मी हल्ली थांबतो. परवा भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी पट्ट्यांपाशी उभ्या होत्या. मी थांबलो, तर त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि हातानं खूण केली, जा, जा. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. मागून हॉर्न सुरू झाले.