हिवाळी जत्रा, घोडे आणि घोडेवाल्याचें बिऱ्हाड

पावसाळा सरून रानांतील गवत पिवळें पडूं लागलें, कीं घोडे बाळगणाऱ्या कुटुंबांत एकच लगबग सुरू होते. ज्यांच्या दारीं विकाऊ शिंगरें अथवा प्रदर्शनांत मिरविण्याजोगा घोडा आहे, त्यांस पुढील महिना-दोन महिने घर सोडून जत्रेच्या माळावर बिऱ्हाड करावें लागतें. हा प्रवास केवळ हौसेचा नव्हे. वर्षभराची मेहनत त्या थोडक्या दिवसांत पदरीं पडावयाची किंवा वाया जावयाची असते. सबब या स्थलांतराची व्यवस्था कशी असावी, याविषयीं चार शब्द सभासद बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम हंगामाचा क्रम पाहूं. दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांत अकलूज येथें घोडेबाजार भरतो. कार्तिकी पौर्णिमेस राजस्थानांत पुष्करचा मेळा असतो. मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादें तालुक्यांत तापीकाठीं सारंगखेडें येथें एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथें राजस्थान, गुजराथ, पंजाब व उत्तर प्रदेश येथूनहि घोडे येतात. त्यानंतर पंधरवड्यानें नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा सुरू होते. तेथें घोड्यांबरोबर गाढवें व उंट यांचाहि मोठा बाजार असतो.

या यात्रा तिथीप्रमाणें भरतात, हें विसरूं नये. दत्तजयंती इ. स. २०२३ सालीं २६ डिसेंबरास, २०२४ सालीं १४ डिसेंबरास व २०२५ सालीं ४ डिसेंबरास आली. शेताचें वेळापत्रक मात्र ऋतूप्रमाणें चालतें. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या बागायती गव्हास पहिलें पाणी १८ ते २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं द्यावयाचें असतें. म्हणजे यात्रा लवकर आली, कीं नेमक्या त्याच दिवसांत धनी माळावर आणि गहूं तहानेला, असा प्रकार घडतो. एका घोड्याच्या नफ्यांत गव्हाचा तोटा मोडून घ्यावयाचा असेल, तर तो व्यापार कसला ? यासाठीं पंचांग दसऱ्यापूर्वींच पाहावें, आणि पाणी कोणीं कोणत्या दिवशीं द्यावयाचें, हें घरीं राहणाऱ्या भावास अथवा सालदारास कागदावर लिहून द्यावें. शाळेंत जाणारीं मुलें शक्यतों आजीआजोबांपाशीं ठेवावीं. जत्रेच्या मौजेपायीं सहामाहीचा अभ्यास बुडविणें शहाणपणाचें नाहीं.

बिऱ्हाड कसें हालवावें, हें शिकावयाचें असेल तर आपल्या मेंढपाळ धनगर बंधूंकडे पाहावें. पावसाळा संपतांच त्यांचे वाडे देशावरून कोंकणाकडे निघतात. भांडीं, अंथरुणें, कोंबड्या, कोंकरें, प्रसंगीं लहान मूलसुद्धां घोड्याच्या पाठीवर असतें; आणि तें बांधण्या-सोडण्याचें व तळ मांडण्याचें काम बहुतेक बायाच करितात. प्रत्येक जिनसेची जागा ठरलेली असल्यामुळें अंधारांतहि हात चुकत नाहीं. भीमेच्या खोऱ्यांतील ज्या भीमथडी तट्टांनीं मराठ्यांच्या स्वाऱ्या पेलिल्या, त्यांचा वंश आज मुख्यत्वें याच लोकांनीं जगविला आहे, हेंहि कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

आतां प्रवासाविषयीं. हल्लीं घोडे मोटारगाडीनें नेतात. इ. स. १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांनुसार एका मालगाडींत चार ते सहांपेक्षां अधिक घोडे घालूं नयेत, आणि पशुवैद्याचा दाखला बरोबर असावा. दाखल्याचा कागद झडतीच्या वेळींच आठवूं नये. त्याच्या दोन नकला निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. गाडींत घोड्याची मान फार आंखूड बांधूं नये. मान खालीं करतां आली नाहीं, तर श्वासनलिकेंतील धूळ व कफ बाहेर पडत नाहीं, आणि मुक्कामीं पोंचतांच ताप येतो. वाटेंत तीन-चार तासांनीं थांबून पाणी दाखवावें. पोंचल्यावर लगेच चंदी चारूं नये. आधीं पाणी, मग सुका चारा, व घोडा शांत झाल्यावर थोडी चंदी.

चाऱ्यापाण्याचा हिशेब घरूनच करावा. सुमारें ४०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज ७ ते ८ किलो सुका चारा व २५ ते ४० लिटर पाणी लागतें. चार घोडे पंधरा दिवस ठेवावयाचे, तर ४२० ते ४८० किलो चारा झाला. तो शक्यतों घरचाच न्यावा. चारा बदलावयाचाच असल्यास सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावा. घोड्यास ओकतां येत नाहीं, म्हणून एकदम बदललेला चारा त्याच्या पोटांत शूळ उत्पन्न करितो, आणि जत्रेंत शुळानें मेलेला घोडा कितीहि लाखांचा असला तरी त्याची किंमत शून्य. थंडीच्या भयानें ठाण चहूंकडून बंद करूं नये. कोरडी जागा, वाऱ्याच्या बाजूस आडोसा व रात्रीं झूल, एवढें पुरे. कोंडलेल्या हवेंत मुतारीच्या उग्र वासानें फुप्फुसें बिघडतात.

सर्वांत मोठें भय साथीचें. ग्लँडर्स नांवाच्या रोगांत नाकांतून चिकट स्राव वाहतो, कातडीवर गांठी येऊन फुटतात, आणि हा रोग मनुष्यासहि जडतो. त्यावर लस नाहीं. इ. स. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यान्वयें याची वर्दी देणें बंधनकारक असून, रोगी ठरलेल्या जनावरास मारावें लागतें. सबब निघण्यापूर्वीं रक्ततपासणी करून घ्यावी. जत्रेंत आपली बादली, आपला तोबरा व आपला खरारा दुसऱ्यास देऊं नये, आणि सार्वजनिक हौदावर घोडा नेऊं नये. परत आल्यावर नवा व जुना, दोन्ही प्रकारचे घोडे तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळे बांधावे. शेजारी हंसले तरी हरकत नाहीं.

घेणाऱ्यांसहि एक सूचना. कोटींच्या किमतीचे आंकडे वर्तमानपत्रांत शोभतात. शेतकऱ्यानें दांत व टांचा पाहाव्या. मधले पक्के दांत अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांशेजारचे साडेतीनच्या व कडेचे साडेचारच्या सुमारास येतात. पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. देवमण आणि भोंवरे पाहण्यास कोणाची ना नाहीं, परंतु लंगडा पंचकल्याणी घेण्यापेक्षां सडसडीत पायांचा साधा कुमैत बरा. घोडा कठीण जमिनीवर चालवून पाहावा, आणि व्यवहाराची पावती घोड्याचा रंग, खुणा व वय लिहून घेतल्यावांचून पैसा हातावेगळा करूं नये. तोंडी सौद्याचे तंटे जत्रा उठल्यावर कोणापुढें मांडावयाचे ?

शेवटीं एवढेंच, कीं निघतांना लिहिलेला अंदाज व परतल्यावरचा खरा खर्च एकाच वहींत समोरासमोर मांडावा. गाडीभाडें, चारा, जागेचें भाडें, नालबंदी, घरीं बुडालेली मजुरी, हें सारें त्यांत यावें. दोन-तीन हंगाम असें केलें, म्हणजे कोणत्या यात्रेस जावें व कोणती सोडावी, हें ज्याची त्यास वहीच सांगेल. घोडा हें आपल्या शेतकऱ्याचें भूषण आहे. परंतु भूषणासाठीं घर मोडूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.