मुलाखत (वाङ्‌मयीन)
मुलाखत : नामवंत व्यक्तीशी पूर्वतयारीनिशी केलेल्या प्रश्नोत्तररूप संभाषणातून तिचे जीवन, जडणघडण व कार्यामागील प्रेरणा उलगडून दाखविणारा गद्यप्रकार. ‘भेट’ या अर्थाच्या मूळ अरबी शब्दावरून मराठीत हा शब्द रूढ झाला. वृत्तपत्रीय मुलाखतीत तात्कालिक घटनेविषयीची माहिती महत्त्वाची असते. वाङ्‌मयीन मुलाखतीत व्यक्तिमत्त्वाचा शोध प्रधान असतो. चरित्रात निवेदन चरित्रकाराचे असते व आत्मचरित्रात ते स्वतः नायकाचे असते; मुलाखत ही मात्र दोघांची संयुक्त निर्मिती होय.

पाश्चात्त्य साहित्यात एकरमानने नोंदविलेली गटेची संभाषणे (१८३६ पासून) व ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकाने १९५३ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखकांच्या मुलाखती हे या प्रकाराचे महत्त्वाचे टप्पे होत. मराठीत बोललेला शब्द साक्षेपाने टिपण्याची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांना भेटून, विचारून व पडताळून गोळा केल्या. त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. आधुनिक काळात जयवंत दळवी यांचे ‘साहित्यिक गप्पा : दहा साहित्यिकांशी’ हे पुस्तक, तसेच १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा कार्यक्रम यांनी या प्रकारास मोठा वाचक-प्रेक्षकवर्ग मिळवून दिला.

या प्रकाराचे सामर्थ्य व मर्यादा खानदेशातील उदाहरणांवरून स्पष्ट होतात. धुळे येथील कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ही मुलाखत नव्हे. तथापि बोलणाऱ्याची लय कायम राखणारा जाणता श्रोता लाभल्यास बोललेला शब्द ग्रंथरूपाने टिकतो, याची ती साक्ष होय.

भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८, सांगवी, ता. यावल, जि. जळगाव) यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून शिक्षणासाठी पुण्यास जातो. लेखक व नायक यांच्या जीवनातील साम्यामुळे दोघांना एकच मानण्याचा मोह वाचकांस होतो. नेमाड्यांच्या मुलाखती ग्रंथरूपाने संकलित झाल्या असून देशीवाद, कादंबरी व लेखकाचे नैतिक उत्तरदायित्व यांविषयीची त्यांची भूमिका समजण्यास त्या उपयुक्त आहेत. परंतु लेखकाने आपल्या कृतीविषयी पुढे केलेले भाष्य हा त्या कृतीचा अंतिम अर्थ नव्हे. मधल्या काळात त्याचे विचार बदललेले असतात व स्मृतीही निवड करीत असते. म्हणून मुलाखतीतील विधाने कृती, पत्रे व समकालीन नोंदी यांच्याशी ताडून पाहावी लागतात.

याउलट उदाहरण बहिणाबाई चौधरी (१८८०—१९५१) यांचे आहे. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती १९५२ मध्ये, म्हणजे कवयित्रीच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हयातीत त्या प्रसिद्ध नव्हत्या, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारण्यास कोणी गेले नाही. शेतात व घरकामात गाणे कसे सुचे, जुळलेल्या ओळी त्या पुन्हा बदलीत काय, या प्रश्नांची त्यांच्या तोंडची उत्तरे आज मिळू शकत नाहीत. त्यासाठी कुटुंबीयांच्या आठवणींवर व खुद्द गाण्यांवर विसंबावे लागते. केवळ नामवंतांकडेच वळण्याची मुलाखतकारांची प्रवृत्ती ही या प्रकाराची सर्वांत मोठी उणीव होय.

चांगल्या मुलाखतकाराच्या ठायी विषयाचा व्यासंग, ऐकून घेण्याची सोशिकता आणि अप्रिय प्रश्न सभ्यपणे विचारण्याचे धैर्य आवश्यक असते. संपादन करताना पुनरुक्ती गाळली, तरी बोलणाऱ्याची बोली, शब्दकळा व अडखळणे यांतील अर्थपूर्ण भाग राखणे इष्ट असते. अहिराणी अथवा लेवा गणबोली बोलणाऱ्यांची उत्तरे प्रमाण मराठीत उतरविल्यास आशय टिकतो, पण व्यक्ती हरवते. यास्तव मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवणे हे मुलाखतीच्या मुद्रित पाठाइतकेच महत्त्वाचे ठरते.